सव्वा इंची ग्रेटिंग: मिथेन दिसतो, बर्फ नाही

दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याच्या नोजपीसमध्ये (दुर्बिणीत शिरणाऱ्या नळीत) फिल्टरसारखी फिरवून बसवायची, प्रकाश फाकवून वर्णपट दाखवणारी, मिलिमीटरला १०० रेघांची ही ग्रेटिंग. गुरूच्या युरोपा-गॅनिमीड या चंद्रांवरचा बर्फ ओळखायला घेणार असाल, तर पैसे वाचवा. पाण्याच्या बर्फाचे ठळक शोषणपट्टे (वर्णपटात प्रकाश गिळला गेल्याने पडलेले काळे पट्टे) १.५ आणि २ मायक्रॉनला आहेत आणि सिलिकॉन सेन्सर १.१ च्या पुढे आंधळा. युरोपाचा वर्णपट म्हणून जे मिळेल, ते जवळपास सूर्याचंच प्रतिबिंब.

मिथेनसाठी मात्र नादच खुळा! शनीच्या टायटन या चंद्रावरचा मिथेन खगोलशास्त्रज्ञ कायपर यांनी १९४४ मध्ये ६१९ आणि ७२७ नॅनोमीटरजवळच्या पट्ट्यांवरून ओळखला होता. सुरुवात युरेनसपासून करा. तो टायटनपेक्षा तेजस्वी आहे आणि पट्टेही खोल. (दोन्हीकडे दिसतो तो हवेतला मिथेन, जमिनीवरचा नव्हे.)

जोडणीत अंतर सांभाळा. ३.७५ मायक्रॉनचे १२८० पिक्सेल आडवे असतील आणि ग्रेटिंग सेन्सरपासून ५० मिमीवर असेल, तर पिक्सेलमागे ०.७५ नॅनोमीटर पडतात. ग्रहाची मूळ प्रतिमा डाव्या कडेला ठेवली, की मिथेनचा ८८९ नॅनोमीटरचा पट्टा ११८५ व्या पिक्सेलवर, म्हणजे जेमतेम आत. ६० मिमी केलंत की तो बाहेर गेला. फोकस ग्रहावर नाही, वर्णपटावर करा. कॅमेरा मोनो (कृष्णधवल) हवा. रंगीत कॅमेऱ्यातला आयआर-कट (अवरक्त प्रकाश अडवणारा) फिल्टर ७०० च्या पुढचं सगळं खाऊन टाकतो. शिवाय ७६० नंतर दुसऱ्या क्रमाचा (ग्रेटिंग पाडते त्या दुसऱ्या, दुप्पट फाकलेल्या वर्णपटातला) निळा प्रकाश वर येऊन बसतो, म्हणून ८८९ साठी गडद पिवळा फिल्टर वेगळा घ्यावा लागतो. तो ग्रेटिंगसोबत येत नाही, ही एक कटकट.

कोल्हापुरात खरी गोची आर्द्रतेची. आपल्याच हवेतल्या वाफेचा पट्टा ७२० च्या आसपास पडतो आणि पावसाळा सरल्यावर पन्हाळ्यावरूनसुद्धा तो चांगला जाड दिसतो. तोच मिथेन समजून लोक खूश होतात. युरेनस वृषभेत आहे तोवर रोहिणीजवळच्या हायडीज गुच्छातला हायडीज ६४ हा सूर्यासारखा तारा तेवढ्याच उंचीवर आला की टिपा आणि युरेनसच्या वर्णपटाला त्याच्या वर्णपटाने भागा. सूर्याच्या रेषा आणि वाफ दोन्ही बरंचसं कटतं. तरीही निकाल ६१९ आणि ८८९ वरच द्यावा.

सहा इंची दुर्बीण आणि मोटार लावलेला माउंट असेल तर जरूर घ्या. बर्फच हवा असेल, तर वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक या वर्णपटमापकाचा ०.६ ते ५.३ मायक्रॉनचा डेटा मास्ट या ऑनलाइन संग्रहात फुकट आहे.