मॉडेल न विचारता माप घेणारे दुकान : बुलेटच्या जुन्या भागांसाठी नाना पेठेतील एक अनुभव

आमच्या घरी १९८९ सालची बुलेट ३५० आहे. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सिलिंडरची आणि उजव्या पायात गिअर असलेली. गेल्या वर्षी तिचे सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडे कातून, नवा पिस्टन बसवणे भाग पडले, तेव्हा एका दुकानदाराने "बुलेटचा पिस्टन सगळ्या मॉडेलला एकच" असे छातीठोकपणे सांगून जो पिस्टन दिला, तो बसलाही. किक पूर्वीपेक्षा हलकी लागते म्हणून आम्ही चार दिवस खूश होतो. सिंहगडाच्या चढावर मात्र गाडी दमू लागली आणि हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, पुन्हा उतरवावे लागले. नव्या पिस्टनचा माथा जुन्यापेक्षा बराच बुटका होता. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पडले होते आणि किक हलकी होण्याचे कारणही तेच होते.

दोन्ही पिस्टन पिशवीत घालून मी पुण्याच्या नाना पेठेतील ज्या दुकानात गेलो, त्याला पाटी नाही, त्यामुळे नाव देता येत नाही. काउंटरमागे बसणाऱ्या वृद्ध काकांनी गाडी कोणत्या सालची हे विचारलेच नाही. त्यांनी आधी इंजिन नंबर विचारला, मग जुना पिस्टन मागितला आणि खणातून बारीक माप घेणारा मायक्रोमीटर काढला. आरसी बुकावरचे साल हे गाडीचे साल असते, इंजिनातल्या भागांचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटले. कारखान्यात एखादा भाग बदलतो तो १ जानेवारीला नव्हे, तर जुना साठा संपल्यावर, अमुक एका इंजिन नंबरापासून; शिवाय तीस-पस्तीस वर्षांत गाडीवर किती मेस्त्रींचे हात फिरले आणि त्यांनी आत काय घातले, हे आरसी बुकात कुठेच लिहिलेले नसते.

त्यांनी माप कसे घेतले हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. पिस्टन पूर्ण गोल नसतो. तो किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता असतो, म्हणून त्याचा व्यास खालच्या भागात, गजन पिनेच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) काटकोनात घ्यावा लागतो. त्यानंतर पिनेचा व्यास, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगांच्या खाचांची रुंदी आणि माथ्याचा आकार अशी एकेक गोष्ट त्यांनी दोन्ही पिस्टनांवर ताडून पाहिली. आमच्या पिस्टनचा व्यास बरोबर होता, पिन बरोबर होती. फक्त उंची चुकली होती. म्हणजे भाग इंजिनात बसणे आणि भाग त्या इंजिनाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळीस मिनिटांत आणि एक रुपयाही न देता कळले.

नव्या-जुन्या बुलेटच्या अदलाबदलीबद्दलचा माझा गैरसमजही तिथेच दूर झाला. बिडाच्या ३५० इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिलिमीटर आणि क्षमता ३४६ सीसी. त्यानंतर आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) ३५० इंजिनाचे आकडेही हेच आहेत. आकडे जुळले म्हणून भाग जुळतील असे आपल्याला वाटते. परंतु जुन्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनामागे वेगळा जोडलेला असतो, तर यूसीईमध्ये तो इंजिनाच्याच केसिंगमध्ये आहे. जुन्या गाडीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी ढकलणारे भाग, हाताने ॲडजस्ट करावे लागतात, तर यूसीईचे टॅपेट हायड्रॉलिक, तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे आहेत. हेड, सिलिंडर किंवा पुशरॉड इकडचे तिकडे नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २०२० पासून आलेल्या ३४९ सीसीच्या इंजिनात तर बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर झाला, त्यामुळे तिथे निदान फसगत होण्याची भीती कमी. दुसरा मुद्दा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीचा. पिस्टनचे ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बिडाच्या सिलिंडरमध्ये फट पुरेशी ठेवली नाही तर पिस्टन जाम होतो. काकांनी पिस्टन विकताना बोअरिंगवाल्यासाठी फटीचे माप चिठ्ठीवर लिहून दिले आणि आधी पिस्टन, मग बोअरिंग हा क्रम चुकवू नका, असे बजावले.

दुकानाच्या उणिवाही आहेत. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, घेतलेला माल परत होत नाही, आणि फोनवर "अमुक भाग आहे का" असे विचारल्यास "घेऊन या, बघू" एवढेच उत्तर येते. कोल्हापूर-नगरहून येणाऱ्याने हा धोका पत्करूनच निघावे. यूसीई आणि त्यापुढच्या गाड्यांसाठी इथे येण्यात अर्थ नाही. त्यांचे भाग कंपनीच्या केंद्रात पार्ट नंबरावर सरळ मिळतात. विजेच्या भागांबाबतही मला सल्ला अपुरा वाटला. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर न्यायची तर स्टेटरबरोबर (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या संचाबरोबर) रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न आणि बल्ब असे सगळेच बदलावे लागते, हे त्यांनी मी खोदून विचारल्यावरच सांगितले.

तरीही बिडाची बुलेट बाळगणाऱ्याने इंजिनातला कोणताही भाग घेण्यापूर्वी इथे यावे, असे मी म्हणेन. आमच्या गाडीला बसवलेला दुसरा पिस्टन आता दीड हजार किलोमीटर चालला आहे आणि किक पुन्हा पूर्वीसारखी जड लागते. जाताना जुना भाग रॉकेलने धुऊन, कोरडा पुसून न्यावा. काजळी धरलेला पिस्टन काका मायक्रोमीटरला लावत नाहीत, माणसाला परत पाठवतात.