डाळमिलच्या बेल्टवरचं जाळीचं गार्ड : दोन वर्षं वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलवर मी सुपरवायझर आहे. रोलरच्या मोटरचा बेल्ट झाकायला हे गार्ड जवळच्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलं. फिटिंगसकट 5,200 रुपये पडले. ते का घ्यावं लागलं, हे आधी सांगतो.

तुरीच्या सीझनमध्ये आमच्या एका पोराची दोन बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेली. अपघात कळवला, तेव्हा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे निरीक्षक आले. ते येईपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नव्हता. जागा आहे तशी ठेवायला लावण्याचा त्यांचा अधिकार 1948 च्या कारखाने अधिनियमात, कलम 9 मध्ये होता. मला वाटलं, पोराने हात का घातला तेच आधी विचारतील. त्यांनी आधी फोटो काढले, टेप लावून अंतरं मोजली, आणि मग विचारलं, "गार्ड कुठंय?"

मी म्हणालो, "साहेब, आज सकाळीच काढलं होतं."

साहेब गुडघ्यावर बसले. गार्डच्या बोल्टच्या भोकात त्यांनी काडी घातली. आतून चुणीची (डाळीच्या बारीक चुऱ्याची) भुकटी निघाली, दाबून दाबून दगड झालेली. एका सकाळीत अशी भुकटी बसत नाही. मी खोटं बोललो होतो, आणि ते त्या काडीच्या टोकावर दिसत होतं.

पोराचा जबाब त्यांनी दवाखान्यात जाऊन वेगळा घेतला. तो सरळ बोलला, "ग्रीस देवाले काढेल व्हतं, साहेब." त्याच अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे मशीन फिरतंय तोवर गार्ड जागेवरच पाहिजे होतं, आणि त्याची जबाबदारी भोगवटादार (कारखाना ज्याच्या ताब्यात असतो तो) आणि व्यवस्थापकाची होती. पोराची चूक दाखवून ती टळत नव्हती. पण माझ्या डोक्यात त्यांचा शेवटचा प्रश्न बसला: "ग्रीस द्यायला गार्ड काढावं का लागतं?"

त्या प्रश्नावरूनच हे गार्ड बनलं. बेअरिंगपासून तांब्याची बारीक नळी काढून ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) जाळीच्या बाहेर आणलंय. आता ग्रीस द्यायला एकही बोल्ट खोलावा लागत नाही. दोन वर्षांत गार्ड उतरलं ते फक्त बेल्ट बदलताना, मेन स्विच बंद करून, फ्यूज खिशात ठेवून. अँगलची फ्रेम दणकट आहे, पिवळा रंग अजून टिकून आहे. बेल्ट बाहेरून दिसतो, म्हणून ताण बघायलाही झाकण उघडायची गरज नाही.

तक्रारी दोन. पहिली जाळी मोठ्या भोकाची होती, माझी करंगळी सहज आत जात होती. ती मी परत केली. फॅब्रिकेशनवाल्याने कुरकुर न करता बारीक जाळी लावून दिली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. दुसरी, बारीक जाळीत चुणी अडकते, दर शनिवारी हवा मारावी लागते. थरथरीने आवाजही येत होता, तो फ्रेमखाली रबराच्या पट्ट्या घातल्यावर थांबला.

बनवून घेणार असाल तर कागदावर माप देऊ नका. कारागिराला मशीनवर बोलवा, आणि रोज ग्रीस देणाऱ्या माणसाला त्याच्या शेजारी उभं करा. आमच्याकडे नळी कुठून काढायची ते त्याच पोराने दाखवलं, उरलेल्या तीन बोटांनी. एलिव्हेटरच्या पुलीसाठीही मी याच फॅब्रिकेशनवाल्याकडे ऑर्डर दिलीय.