इंटरडेंटल ब्रश आणि वॉटर फ्लॉसर: पायरियासाठी बरेच महिने वापरल्यानंतर

घाईत असाल तर एवढंच वाचा. इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांच्या मधल्या फटीत घालायचा तारेचा बारीक ब्रश, घ्याच. वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याची धार मारून फटी धुणारं यंत्र, तोंडात ब्रिज, इम्प्लांट किंवा तारा असतील तर घ्या, नाहीतर ते पैसे स्केलिंगला, म्हणजे डॉक्टरांकडून किटण काढून घ्यायला, ठेवा. आणि स्केलिंग आधी, खरेदी नंतर. दातावर दगडासारखं बसलेलं किटण या दोन्हींनी तसूभरही हलत नाही.

माझं वय पन्नाशीच्या आसपास, शुगरच्या गोळ्या चालू. ब्रश करताना रक्त यायचं आणि सकाळी तोंडाला वास. डॉक्टरांनी खुणा केलेली बारीक बोथट सळी प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीखाली घालून खोली मोजली. त्या आकडे बोलत होत्या, असिस्टंट लिहून घेत होती: दोन, तीन, दोन, पाच, सहा, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून पुढे खिसा, म्हणजे हिरडी दातापासून सुटून पडलेली पोकळी, हे आधीच कळलं असल्यामुळे खुर्चीत पडल्या पडल्या माझा निकाल मलाच ऐकू येत होता. पुढचे दात बरे होते. सगळी गडबड दाढांच्या मधल्या फटींत, जिथे साधा ब्रश पोचतच नाही.

हिरडी नुसती सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. डेन्मार्कमध्ये हेराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी 1965 साली 12 जणांचं दात घासणंच बंद करून पाहिलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा सफाई सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. पण खालचं हाड झिजलं की ते आपलं आपण भरून येत नाही. माझ्या एक्स-रेत ते झिजलेलं दिसत होतं, त्यामुळे आता ध्येय एकच, आहे तिथे थांबवणं.

भूल देऊन खोलवर क्लिनिंग झालं. त्यानंतर दातांत फटी दिसायला लागल्या आणि थंड पाणी झोंबायला लागलं. ‘क्लिनिंग केलं की दात ढिले होतात’ असं आपल्याकडे जो तो सांगतो, त्याचं मूळ इथे आहे. फटी आधीपासूनच होत्या. किटणाने बुजल्या होत्या आणि सुजलेल्या हिरडीने झाकल्या होत्या. इंटरडेंटल ब्रश चालतो तो याच फटींत.

ब्रश घेताना मापाचा घोळ होतो. रंगावरून तारेची जाडी कळते, पण एका कंपनीचा निळा म्हणजे दुसरीचा निळा नव्हे. माप डॉक्टरांकडून बघून घेतलेलं बरं. केस फटीत घट्ट बसले पाहिजेत, पण तार दाताला घासता कामा नये. मला पुढे बारीक आणि दाढांना जाड अशी दोन मापं लागतात. पेस्ट लावायची नाही, रात्री झोपण्याआधी प्रत्येक फटीत तीन-चार वेळा आत-बाहेर. सुरुवातीला रक्त येतं आणि माणूस घाबरून सोडून देतो. सोडू नका, स्वच्छ राहिलेली हिरडी रक्त देणं कमी करते. ज्याला अजून पटत नसेल त्याने साध्या ब्रशने दात घासल्यावर हा ब्रश मागच्या दाढेतून काढून नाकाशी न्यावा. केसांत अडकलेला तो पिवळसर मऊ थर आणि त्याचा वास!

तक्रारी आहेत. तार मानेपाशी तुटते, विशेषतः मागे वाकडी ढकलली की. त्यामुळे दाढांसाठी लांब दांड्याचा, तोंड वळवलेला ब्रश घेतला, तो टिकतो. एक ब्रश धुऊन पुन्हा वापरता येतो, केस पसरले की टाकायचा. तरी वर्षाचा हिशेब मांडला तर खर्च चांगलाच जाणवतो. आणि मेडिकलमध्ये मागितला की टूथपिक काढून देतात.

वॉटर फ्लॉसर दीड-दोन हजारांचा घेतला. पहिल्या रात्री आरसा, गंजीफ्रॉक आणि कोपरापर्यंत हात, सगळं भिजलं. बेसिनवर वाकून, ओठ अर्धवट मिटून, सगळ्यात कमी प्रेशरवर, कोमट पाण्याने सुरुवात करा. अडकलेलं खाणं छान निघतं, हिरड्यांतून रक्त येणंही कमी होतं. पण चिकट थर पाण्याच्या धारेपेक्षा घासल्याने जास्त निघतो, हे दोन्ही वापरून माझं मत झालंय. टाकी रिकामी करून वाळवली नाही तर आत बुळबुळीत होते. बोअरचं पाणी असेल तर नोझलवर पांढरे क्षार धरतात. रात्री अकराला त्याची घरघर घरच्यांना सहन होत नाही, हे वेगळंच.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरतं दिलं होतं. चांगलं आहे, पण मनाने वर्षभर चालू ठेवू नका: दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बिघडते.

मशेरीबद्दल लिहायलाच हवं. आमच्या आत्या ‘हिरड्या घट्ट होतात’ म्हणून आयुष्यभर लावत आल्या. तो जळका तंबाखूच आहे. जिथे रोज चोळला जातो तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, कॅन्सरचा धोका वेगळा. सिगारेटवाल्यांनी तर ‘मला रक्त येत नाही’ यावर अजिबात जाऊ नये. धूम्रपानाने रक्तस्राव दबतो, आतला आजार चालूच राहतो.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा पाचाचे बरेच तीन झाले होते, सहाचा चार. रक्त जवळपास थांबलं. शुगरही उतरली. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात हे खरंच आहे, पण त्याच सुमारास मी चालायलाही लागलो होतो, तेव्हा ते श्रेय ब्रशला देणार नाही. वरच्या शेवटच्या दाढेमागचा एक खिसा मात्र पाचावरच अडून बसलाय. तिथे ब्रश वळत नाही आणि धारही नीट लागत नाही. पुढच्या तपासणीतही तो तसाच राहिला तर हिरडी उघडून साफ करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या आहेत.