बाळंतपणाचा दवाखाना किती लांब? ओआरएस टूल्स की ॲक्सेसमॉड

बाळंतीण कुठून किती वेळात दवाखान्यात पोहोचेल, याचा नकाशा करायचा आहे. त्यासाठी दवाखान्याभोवती पाच-दहा किलोमीटरची वर्तुळं काढणं मी इथे धरतच नाही. बडोद्यात बसून गुजरातच्याच छोटा उदेपूर जिल्ह्याकडचा नकाशा करायचा, तर माझ्या मते विचार करण्याजोगे पर्याय दोनच: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं ओआरएस (ओपनरूटसर्व्हिस) टूल्स हे प्लगइन आणि जागतिक आरोग्य संघटनेचं ॲक्सेसमॉड. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मी वापरलीत.

ओआरएसची गंमत म्हणजे झटपटपणा. दवाखान्यांचे बिंदू दिले की ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातल्या रस्त्यांवरून अर्ध्या तासात, तासात गाठता येणारी हद्द चहा गार व्हायच्या आत समोर. बडोद्याजवळचे पादरा, करजण किंवा शहरातल्या गोत्री-मांजलपूरसाठी मी आजही तेच उघडतो. ॲक्सेसमॉड त्यामानाने तऱ्हेवाईक. जमिनीचा वापर, उंची, रस्ते, नद्या हे सगळं आधी एकाच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) आणा, प्रत्येक प्रकारच्या रस्त्याचा वेग स्वतः भरा. जुना लॅपटॉप तर धापाच टाकतो.

तरीही माझं पारडं फिरलं ते एका गोष्टीने. ओआरएस प्रत्येक बिंदू ओढून जवळच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो आणि घड्याळ तिथून सुरू करतो. छोटा उदेपूरमधल्या कवांट, नसवाडीकडे गाव म्हणजे एक ठिकाण नसतं. टेकड्यांवर विखुरलेले फळिये, म्हणजे वस्त्या असतात. तिथली अडलेली बाई आधी झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत येते, गाडी त्यानंतर. नेमकी तीच चाल नकाशातून गायब! आमच्या नकाशात जे फळिये तासाच्या आत दिसत होते, तिथून नुसतं रस्त्याला लागायलाच लोक तास सांगत. कवांट तालुक्यातल्या तुरखेड्याची 2024 ची घटना आठवत असेल: झोळीतून नेताना बाई दगावली आणि गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या फळियाचा प्रश्न रस्त्यांच्या जाळ्यावर काढलेल्या नकाशात उमटतच नाही.

ॲक्सेसमॉड सगळी जमीन छोट्या छोट्या चौकटींत विभागून मोजतो. रस्ता नाही तिथे पायी वेग, चढ असेल तर आणखी कमी, रस्ता लागला की गाडीचा. झोळीसाठी पायी वेग मी अजून उतरवतो. किती, ते तिथल्या आशाताईंना विचारून. पावसाळ्यासाठी पाण्याखाली जाणारे फरशी पूल काढून पुन्हा चालवायचं. ओरसंग, हेरण नद्यांच्या काठची चित्रं त्यात बरीच बदलतात.

खोट त्यातही आहे. गाडी रस्त्यावर उभीच आहे असं तो धरतो, 108 रुग्णवाहिका यायचा वेळ वेगळा मिळवावा लागतो. शिवाय घरातून निघायलाच झालेला उशीर कुठलाच नकाशा दाखवत नाही. आणि दवाखान्यांच्या यादीत सरसकट सगळी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्रं) टाकलीत तर दोन्ही साधनं सारखीच फसवतील. सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेली ठिकाणं वेगळी काढा. दोन तासांचा जो सर्वमान्य निकष आहे, तो अशा तातडीच्या प्रसूतिसेवेपर्यंत पोहोचण्याचा आहे.

तुमचं काम शहरापुरतं असेल, किंवा उद्याच बैठक असेल, तर ओआरएस घ्या, काही बिघडत नाही. बोडेलीच्या पलीकडे, टेकड्यांकडे जाणार असाल तर मात्र ॲक्सेसमॉडसाठी एखादा आठवडा हाताशी ठेवाच, आणि जमलं तर जास्त रॅमचा संगणक कुणाकडून तरी मागून आणा.