निकोटिन पॅच आणि गम : काही महिन्यांच्या वापरानंतर

धूम्रपान सोडण्यासाठीचे निकोटिन पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) आणि गम मला एका समुपदेशन केंद्रातून मोफत मिळाले. विकत घ्यावे लागले असते, तर मी त्या वाटेला गेलो असतो असे वाटत नाही. सिगारेटवर रोज बिनदिक्कत खर्च करणारा माणूस औषधाचे पैसे एकरकमी मोजताना मात्र, 'गुण आलाच नाही तर?' या शंकेने हात आखडता घेतो. एरवी सोडण्याचा विषयही टाळणारे लोक मोफत पॅच म्हटल्यावर चौकशी करतात, ते बहुधा यामुळेच.

सिगारेटमधले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तर पॅचमधले त्वचेतून झिरपत चढायला काही तास लागतात. त्यामुळे पॅचकडून झुरक्याच्या झटक्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची पहिल्याच दिवशी निराशा होते. पॅचने दिवसभराची चिडचिड आटोक्यात राहते, अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम लागतोच. दोन्ही एकत्र वापरल्यास यशाची शक्यता वाढते, हे अभ्यासांतूनही दिसले आहे. माझा पॅच २१ मिलिग्रॅमवरून १४ आणि पुढे ७ वर आणला गेला. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असे, म्हणजे व्यसन तीव्र, म्हणून गम जास्त मात्रेचा, ४ मिलिग्रॅमचा दिला.

हा गम एकसारखा चघळायचा नसतो. सावकाश चावावा, जीभ चुरचुरू लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावावा. भराभर चावल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते आणि उचक्या लागतात. गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे कॉफी किंवा फळांचा रस टाळावा, कारण तोंडातल्या आम्लतेमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. 'गम घेऊन पाहिला, काही होत नाही' म्हणणाऱ्या कित्येकांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

पॅचखालची त्वचा लाल होऊन खाजते, त्यामुळे जागा रोज बदलावी लागते. रात्रभर ठेवल्यावर विचित्र, ठसठशीत स्वप्ने पडू लागली, तेव्हा सल्ल्यानुसार झोपताना काढू लागलो. सकाळचा नवा पॅच लागू पडेपर्यंत गमवर निभावले.

तक्रार एकच. हे उपचार साधारणपणे आठ ते बारा आठवडे चालायला हवेत, पण मोफत साठा थोडाथोडा आणि दर वेळी केंद्रात नवी फेरी मारल्यावरच मिळत होता. तलफेने कासावीस झालेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले, तर तो वाटेतच सिगारेट पेटवण्याची शक्यता अधिक. पहिल्याच भेटीत निदान महिन्याभराचे पॅच हाती द्यायला हवेत.