भंडारा रंगीत, वारी कृष्णधवल

जेजुरीत सोमवती अमावास्येला भंडारा उधळतात तेव्हा फोटो रंगीत ठेवायचा की कृष्णधवल, या निवडीचा प्रश्नच उरत नाही. रंग काढला की हळदीचा तो पिवळा नुसता फिकट धूर वाटतो. पायऱ्या, माणसं, पालखी या सगळ्यांना बांधणारा धागाच तुटतो. तिथे रंगीतच.

दिवे घाटातली वारी वेगळी. ढगाळ आभाळ, सपाट उजेड आणि मध्येच कुणाच्या डोक्यावर भडक निळा प्लास्टिकचा कागद. रंगीत फोटोत नजर आधी त्या निळ्यावर जाते, म्हातारीच्या चेहऱ्यावर नंतर. कृष्णधवलमध्ये सुरकुत्या, ओलं लुगडं, डोईवरची तुळस पुढे येते. मात्र लाल आणि हिरवा बरेचदा एकाच राखाडीत विरघळतात, म्हणून रूपांतर करताना प्रत्येक रंगाचा उजळपणा वेगळा सांभाळावा लागतो. त्यासाठी फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली रंगांची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा. नुसता कृष्णधवल जेपेग घेतला तर रंग परत मिळत नाहीत.

छायापत्रकार होमाई व्यारावाला यांचं गाजलेलं काम कृष्णधवल, तर छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी भारत रंगातच पाहिला. मला दोघंही पटतात. फसलेला रंगीत फोटो वाचवायला तो कृष्णधवल करणं मात्र अजिबात पटत नाही.