बो ड्रिलला दोरी कुठली: नायलॉनची की हाताने वळलेली?

बो ड्रिल, म्हणजे धनुष्याच्या दोरीने लाकडी काडी फळीवर फिरवून घर्षणातून निखारा काढायची पद्धत, ज्यांनी निदान दोन-चार वेळा करून बघितलंय, म्हणजे धूर निघाला, घाम निघाला पण निखारा काही पडला नाही इथपर्यंत जे पोचलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्पिंडल (ती फिरणारी काडी), खालची फळी, काडी वरून दाबून धरायचा ठोकळा, धनुष्य हे सगळं माहीत आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच की त्या धनुष्याला दोरी कुठली लावायची. पॅराकॉर्ड किंवा कुठलीही नायलॉनची दोरी बांधून मोकळं व्हायचं, की झाडाच्या सालीची नाहीतर वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, स्वतः वळून लावायची? मी आधी जवळपास वर्षभर नायलॉन वापरली, मग वळलेली, मग वैतागून परत नायलॉन, आणि आता परत वळलेली. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला इथेच कळलं असेल, तरी नायलॉनवर अन्याय न करता सांगायचा प्रयत्न करतो.

नायलॉनचं कौतुक आधी करून टाकू. माझा पहिला निखारा नायलॉनवरच पडला, हे खरंय. साध्या पॅराकॉर्डची ताकद ५५० पाउंड, म्हणजे साधारण २५० किलो, आणि बो ड्रिलमध्ये त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा ताण येत नाही, तेव्हा तुटण्याचं टेन्शनच नाही. आणि शिकताना हे खूप मोठं सुख असतं, कारण तेव्हा आधीच छप्पन्न भानगडी चालू असतात, डावं मनगट नडगीला टेकवून ठेवायचं, ठोकळा डुगडुगू द्यायचा नाही, श्वास सांभाळायचा, धनुष्य जमिनीला समांतर ठेवायचं, आणि वरून फळीतून घासून निघणाऱ्या भुकटीचा रंग बघायचा, फिकट तपकिरी म्हणजे दाब कमी पडतोय, काळपट बारीक आली की जमतंय. यात अजून दोरीची काळजी कुठे करणार. त्यामुळे कुणी म्हणालं की आधी नायलॉनवर शिका आणि मग बाकीचं, तर मी वाद घालत नाही. म्हणजे फार घालत नाही.

पण एक गोष्ट आहे जिने माझं डोकं फिरवलं, आणि ती म्हणजे सटकणं.

ज्याने अनुभवलंय त्याला लगेच कळेल. सगळं नीट चाललंय, धूर पांढरा आणि दाट व्हायला लागलाय, फळीला कापलेल्या खाचेत काळी भुकटी भरत आलीय, आता शेवटचा जोर म्हणून तुम्ही ठोकळ्यावर दाब वाढवता आणि नेमकं त्याच क्षणी स्पिंडल थांबतं. धनुष्य पुढे-मागे चाललंय, दोरी स्पिंडलवरून सर्रकन सरकतेय आणि स्पिंडल ढिम्म. तुम्ही थांबता, दोरी ताणता, परत वेढा घालता, परत खोबणीत बसवता, यात जातात दहा-पंधरा सेकंद, आणि तोवर ती भुकटी गार. मग परत पहिल्यापासून, फक्त आता दंड भरून आलेले असतात.

कारण साधं आहे. नायलॉन गुळगुळीत असतं आणि ताणलं की लांबतं, दमट हवेत तर जरा जास्तच. सकाळी तुणतुण्याच्या तारेसारखी कसलेली दोरी पाच मिनिटांत सैल पडते. सैल पडली की घसरते, घसरली की स्पिंडलला तिथे पॉलिश होतं, आणि पॉलिश झालं की अजून घसरते. माझ्या एका स्पिंडलचा मधला पट्टा असा चकचकीत झाला होता की वार्निश मारल्यासारखा दिसायचा.

उपाय सगळे करून झाले. दोरी जास्त कसली तर स्पिंडल टुणकन उडून गुडघ्यावर बसायचं, तेसुद्धा नेमकं वाटीवर. धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याने दोरी दाबून ताण वाढवायचा ही जुनी युक्ती चालते, पण मिनिटभरात अंगठ्याला कळ येते आणि धनुष्यावरची पकड बिघडते. स्पिंडल गोल न ठेवता चाकूने आठ बाजू काढल्या, थोडा फरक पडला. राळ चोळली, तेव्हा दोन निखारे होईपर्यंत छान पकड होती, मग दोरी राळेने माखून काळी चिकट झाली आणि तिला धूळ बसून परत तेच. आता कुणी म्हणेल की तुझं तंत्रच कच्चं असणार, तर असेलही. माझ्याहून चांगले लोक नायलॉनवर मिनिटाच्या आत निखारा काढतात, मी डोळ्यांनी बघितलंय. मी माझ्यापुरतं सांगतोय.

आता वळलेली दोरी. हिची पहिली ओळख वाईट असते, तयारी ठेवा. माझी पहिली दोरी बाराव्या-पंधराव्या झटक्याला तुटली, दुसरी धूर यायच्या आत, तिसरी गाठीपाशी. धनुष्य हातातून सुटून फटकन बाजूला जातं आणि आपण ठोकळ्यावर तोंडघशी. वळायला प्रत्येकी सव्वा-दीड तास लागला होता, त्यामुळे राग किती आला असेल बघा. तेव्हाच मी परत नायलॉनकडे गेलो होतो.

फरक पडला तो तुटलेले तुकडे घेऊन बसलो तेव्हा. ताणाने तुटलेली दोरी आणि काचून तुटलेली दोरी वेगळी दिसते. ताणाने तुटली तर टोकाला लांब लांब धागे ओढून निघालेले असतात, काचली असेल तर टोक आखूड, कापसासारखं पिंजलेलं आणि एका बाजूने जास्त झिजलेलं. माझ्या जवळपास सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. म्हणजे दोरी कमजोर नव्हतीच, ती स्वतःवरच घासत होती. एकच वेढा घातला की आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू स्पिंडलपाशी एकमेकींना चाटून जातात, आणि धनुष्य जरा वर-खाली कललं की पार करवतीसारख्या चालतात. नायलॉनला याने काही होत नाही, म्हणून नायलॉनवर ही चूक वर्षभर केली तरी कळत नाही. मला नाही कळली.

मग मी बहुवेढ्याची पद्धत घेतली, जिला बरेच जण इजिप्शियन म्हणतात. दोरी लांब घ्यायची, दोन मीटरच्या आसपास, धनुष्याला ढिली बांधायची, मधोमध स्पिंडलला एक फास घालून पक्की करायची आणि मग चार-पाच वेढे शेजारी शेजारी, एकावर एक न चढता. फासामुळे दोरी स्पिंडलवर घसरतच नाही, ती नुसती एका बाजूने उलगडते आणि दुसऱ्या बाजूने गुंडाळली जाते. घसरत नाही म्हणून घासत नाही, आणि घासत नाही म्हणून काचत नाही. फास घालायचा नसेल तरी चार वेढ्यांनी बरंच काम होतं, धक्क्यावरच्या खुंटाला चार वेढे दिले की भलीमोठी होडी एका माणसाला आवरते, तीच गंमत. ताण लागतच नाही फारसा. ज्या दोऱ्या पूर्वी पंधरा झटक्यांत जायच्या तसलीच एक दोरी या पद्धतीत मला सात निखारे देऊन गेली, आणि तेव्हाही तुटली नव्हती, मीच बदलली.

हे काही नवीन शहाणपण नाही अर्थात. १९२२ मध्ये इजिप्तच्या तुतनखामेन राजाचं थडगं सापडलं त्यात आग पेटवायचा संच होता, खालच्या लाकडाला ओळीने भोकं पाडलेली, आणि तो राजा जाऊन तेव्हाच तीन हजार वर्षांच्या वर झाली होती. नायलॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १९३५ साली. तोवर जे काही फिरवलं गेलं ते सालीच्या, गवताच्या, केसांच्या दोऱ्यांवर नाहीतर चामड्याच्या वादीवर. त्यांना सटकण्याचा त्रास होत असेलच, पण त्यांनी तो वेढे वाढवून सोडवला असावा, दोरी बदलून नाही.

वळण्याबद्दल थोडं, कारण खरी मजा तिथे आहे. दोन पदर घ्यायचे, प्रत्येक पदराला स्वतःचा पीळ एका दिशेने द्यायचा आणि दोन्ही पदर एकमेकांवर उलट दिशेने टाकत जायचं, दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि हात सोडला तरी दोरी उलगडत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही. नवशिक्याची दोरी जाते ती सांध्यावर. दोन्ही पदर एकाच जागी संपू द्यायचे नाहीत, एकाला नवीन धागे जोडले की वीतभर पुढे गेल्यावर दुसऱ्याला. आणि जोडताना नवीन धाग्यांचं टोक पातळ करून आत सरकवायचं, नाहीतर तिथे गुठळी येते, ती वेढ्यात उंच राहते आणि सगळ्यात आधी तीच झिजते. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. सारखी जाडी ही ताकदीपेक्षा महत्त्वाची, हे मी तरी तुकडे हातात घेऊन शिकलो.

कशाची वळायची, तर वाख माझा आवडता. घायपाताचं पान ठेचून, खरवडून धागे काढायचे, लांब आणि चिवट मिळतात, फक्त हिरव्या पानाचा रस हाताला खाजतो तेव्हा जपून. अंबाडीची साल कुजवून काढली तर मऊ येते आणि वळायला हाताला गोड वाटते. लिंडेन या थंड प्रदेशातल्या झाडाची अंतर्साल मिळत असेल तर नशीबवान आहात, पण तिला कित्येक आठवडे पाण्यात ठेवायचा धीर पाहिजे. ताग चालतो, पण भिजला की दगा देतो. तयार सुतळी तशीच लावू नका, तिचे चार-पाच धागे घेऊन परत वळा. काथ्या मी सोडून दिला, फार ताठ. वाळलेला वाख वळताना आणि बांधताना हात किंचित ओला ठेवला तर धागे मोडत नाहीत.

(सुती दोरी हा तिसरा पर्याय लोक विचारतात. चांगली पकडते, कमी लांबते, बऱ्यापैकी टिकते. ज्यांना वळायचं नाहीये पण सटकण्याने वेडही लागायचं नाहीये त्यांनी सुती लावावी. मला तिच्यावर बोलण्यासारखं फार काही सापडलं नाही, हेच तिचं कौतुक समजा.)

आणि एवढं वळण्यापेक्षा हॅण्ड ड्रिलच, म्हणजे स्पिंडल नुसतं दोन तळहातांत घुसळून फिरवणं, का नको, दोरीचा प्रश्नच मिटला? बरोबर आहे, पण त्यात तळहात खाली घसरत येतात, परत वर न्यायचे, दर वेळी थोडी उष्णता जाते, आणि फोड आले की पुढचे चार दिवस सुट्टी. कोरडी हवा आणि तयार तळवे असतील तर सुंदर प्रकार आहे. माझे तळवे कीबोर्डवाले.

वळलेल्या दोरीचा एक फायदा मात्र मला आधी कुणीच सांगितला नव्हता. ती आधी सांगते. तुटायच्या बरीच आधी एका जागी बारीक केस उभे राहायला लागतात, रोज वापरताना नजर गेली की कळतं की वेढा इथे चढतोय, धनुष्य डाव्या बाजूला कलतंय. मी उजवीकडे ओढताना धनुष्याचं टोक वर उचलतो हे मला दोरीवरच्या केसांवरून कळलं. ते सुधारल्यावर गंमत म्हणजे माझं नायलॉनचं कामसुद्धा सुधारलं, सटकणं निम्म्यावर आलं असेल. म्हणजे एका अर्थी मी वर्षभर दोरीला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या. उरलेल्या निम्म्या मात्र नायलॉनच्याच, त्या मी परत घेत नाही.

तर कुणी काय घ्यावं? एका दिवसात सात-आठ जणांना दाखवायचंय, पोरं आहेत, प्रत्येकाला निदान धूर तरी दिसला पाहिजे, तर नायलॉन, डोळे मिटून. लाकूड कुठलं चालतं ते तपासताय, आज ही फळी उद्या ती, तरीही नायलॉन किंवा सुती, कारण तिथे दोरीचा घोळ मधे नको. पण महिन्या-दोन महिन्यांनीही तुम्ही याच नादात असणार असं वाटत असेल तर माझ्या मते, आणि हे फक्त माझं मत, लवकरात लवकर वळलेल्यावर या. पाच-सहा निखारे पडेपर्यंत थांबलात तरी चालेल, वर्षभर थांबू नका, मी थांबलो आणि हाताला नको त्या सवयी लागल्या, हिसका मारायची, एकाच वेढ्यावर जोर काढायची, धनुष्य आखूड ठेवायची. वळलेल्या दोरीला लांब, सावकाश, एकसारखे झटके आवडतात. त्यासाठी धनुष्यही खांद्यापासून बोटांपर्यंत तरी लांब पाहिजे, माझं पहिलं होतं जेमतेम कोपरापासून बोटांपर्यंत, ते बदललं.

आणि वळलेली पहिल्यांदा लावाल तेव्हा खाच न कापलेल्या फळीवर, कमी दाबाने नुसतं फिरवून बघा दोन-तीन मिनिटं. निखाऱ्याची अपेक्षा नाही, धूर नाही आला तरी चालेल. मग थांबून वेढे उलगडा आणि दोरी बोटांतून ओढून बघा. जिथे खरखरीत लागेल तिथे सांधा आला असेल तर तो सरकवून स्पिंडलपासून लांब न्या, धनुष्याच्या टोकाकडे. माझ्या सध्याच्या दोरीत असे दोन सांधे आहेत, दोन्ही गाठींपाशी लपवलेत, आणि मधला सव्वा मीटर सलग वाखाचा आहे, अजून एकही केस उभा नाही.